जांबोटीला मुक्काम करून मलप्रभेच्या कडेनं तीन दिवस

बेळगावहून जांबोटी, कणकुंबीमार्गे चोर्ल्याला जाणारा रस्ता बहुतेकांना गोव्याचा जवळचा रस्ता म्हणूनच माहीत असतो. जांबोटीत चहा होतो, कणकुंबीच्या पुढे धुक्यात गाडी थांबवून दोन फोटो होतात आणि मग सरळ घाट उतरायचा. या चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरच्या डावी-उजवीकडे खानापूर तालुक्यात काय दडलंय, ते उतरून पाहिल्याशिवाय कळत नाही. इथे दोन नद्यांचे उगम आहेत, एक अभयारण्य आहे, आणि कदंब राजघराण्याच्या एके काळच्या राजधानीचं गाव आहे. तिथली माणसं आजही देवळाच्या सावलीत भात वाळवतात.

पहिल्यांदा येणाऱ्यांचा हमखास होणारा घोटाळा म्हणजे एका दिवसात धबधबा, किल्ला आणि देऊळ उरकायची घाई. नकाशावर सगळं जवळ दिसतं. प्रत्यक्षात रस्ते अरुंद आणि वळणाचे, पावसात खड्ड्यांचे, शिवाय अर्धी ठिकाणं परवानगीची. त्यामुळे दिवस गाडीत जातो आणि हाती काही लागत नाही. आमचं सांगणं एवढंच की नदीच्या क्रमानं बघा. मलप्रभा जिथे उगवते तिथून सुरुवात करा आणि ती जसजशी पूर्वेकडे सरकते तसतसे तुम्हीही सरका. मग उगमाचं कुंड, डोहाकाठचा मारुती, पठारावरची देवळं हे सगळं आपोआप एका ओळीत येतं आणि उलटसुलट फेऱ्या वाचतात.

आधी महिना ठरवा, मग जागा

बेळगाव शहरातला पाऊस आणि कणकुंबीतला पाऊस यांची तुलनाच करू नका. अंतर पंचेचाळीसेक किलोमीटरचं, पण सह्याद्रीच्या कड्यावर ढग आधी रिकामे होतात आणि पूर्वेला उरलंसुरलं येतं. बेळगावात रिमझिम असताना कणकुंबी, आमगाव भागात ओढे रस्त्यावर आलेले असतात. म्हणून शहरातलं आभाळ बघून निघू नका. निघायच्या आधी मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून "रस्ता सुरू आहे का, पुलावर पाणी आहे का" एवढं विचारा.

जून ते सप्टेंबर: हिरवळ अफाट, धुकं दाट, जळवा भरपूर. धबधब्यांकडे जाणाऱ्या जंगलवाटा या काळात वनखातं बंद करतं, आणि ते योग्यच आहे. हे महिने मुक्कामाच्या जागी पाऊस ऐकायचे आणि देवळं बघायचे. हलशीला, म्हणजे कदंबांच्या त्या जुन्या राजधानीच्या गावी, भर पावसात जायला काहीच अडचण नसते.

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा ते डिसेंबर: नवख्यांनी याच वेळी यावं. ओढ्यांना पाणी असतं, वाटा वाळलेल्या असतात आणि सड्यांवरची, म्हणजे उघड्या खडकाच्या पठारांवरची, शेवटची फुलं मिळतात.

जानेवारी ते मार्च: पक्षी, प्राणी आणि देवळांसाठी चांगला काळ. धबधबे मात्र बारीक होतात. याच काळात जंगलात गोचीड वाढते, त्याविषयी पुढे सांगितलंय.

मे अखेर ते जूनचा पहिला आठवडा: वळवाच्या सरींनंतर जंगलाच्या कडेला काजव्यांची झाडं लखलखतात. फक्त त्यासाठी यायचं असेल तर अमावास्येच्या आसपासच्या रात्री निवडा. चांदण्यात काजवे फिके पडतात.

मुक्काम कुठे करावा

पर्याय तीन. जांबोटी आणि आसपासची रिसॉर्टं, होमस्टे हा पहिला. चोर्ला घाटाच्या माथ्यावरचे जंगलातले मुक्काम हा दुसरा. खानापूर गाव हा तिसरा. पहिल्यांदा येताय तर जांबोटी घ्या. इथून पश्चिमेला कणकुंबी साधारण सोळा ते वीस किलोमीटर आणि पूर्वेला खानापूरही जवळपास तेवढंच. दोन्ही बाजूंना दिवसभराची फेरी सहज होते. चोर्ल्याच्या माथ्यावर राहिलात तर जंगल दाराशी येतं, पण हलशीला जायचं म्हटलं की अख्खा दिवस मोडतो. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्यासाठी खानापूर सोयीचं. पुणे-मिरज-लोंढा मार्गावरचं रेल्वे स्टेशन गावातच आहे आणि आजूबाजूच्या खेड्यांच्या एसट्या तिथूनच सुटतात.

बुकिंग करताना जेवण किती वाजेपर्यंत मिळतं ते विचारून घ्या. डोंगरात रात्री आठ-साडेआठनंतर चूल पेटवायला लावणं बरं नव्हे, आणि बाहेर हॉटेलही मिळत नाही. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं किंवा सार, फणसाच्या दिवसांत कच्च्या फणसाची भाजी असं काही आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर घरचं मिळतं. आयत्या वेळी मागाल तर पनीरच येईल.

पोचायचं कसं

बेळगावहून पिरनवाडी, किणये, कुसमळी, जांबोटी हा सरळ रस्ता, साधारण तीस किलोमीटर. कुसमळीला मलप्रभेवरचा पूल लागतो. त्याची अवस्था आणि तिथली वाहतूक हा या रस्त्याचा जुना प्रश्न आहे, तेव्हा पावसाळ्यात निघण्यापूर्वी पुलाची चौकशी करा. पूल बंद असेल तर बेळगाव-खानापूर-जांबोटी असा वळसा आहे. वीसेक किलोमीटर जास्त पडतात, पण खात्रीचे. पेट्रोल बेळगावात किंवा खानापुरात पूर्ण भरून घ्या. रोख पैसेही तिथेच काढा. जांबोटीच्या पुढे मोबाईलची रेंज जाते-येते, त्यामुळे नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि मुक्कामाचा पत्ता कागदावर लिहून खिशात ठेवा.

बसनं येणाऱ्यांनी शेवटच्या गाडीची वेळ सकाळीच विचारून घ्यावी. खेड्यांच्या गाड्या दिवसातून मोजक्याच, आणि संध्याकाळची गाडी रात्री गावातच मुक्कामाला थांबते. ती चुकली तर वडापच्या जीपचाच आधार, आणि अंधार पडल्यावर तोही नाही.

खानापूर, जांबोटी, कणकुंबी भागात घरोघरी मराठीच ऐकू येईल. पण रस्त्यावरच्या आणि बसवरच्या पाट्या बहुतेक कन्नडमध्ये असतात. कागदोपत्री बेळगावचं बेळगावी झालं आहे. बीडी गावाच्या पुढे कित्तूरकडे गेलात की बोलणंही कन्नड होतं. "गुडी यल्ली ऐती?" म्हणजे देऊळ कुठे आहे, "एष्टु?" म्हणजे किती, "नीरु" म्हणजे पाणी. एवढ्यावर काम भागतं, आणि पहिलं वाक्य कन्नडमध्ये बोलल्यावर पुढचं सगळं माणूस आपुलकीनं, हातवारे करून समजावतो.

पहिला दिवस: उगम आणि घाटमाथा

सकाळी सातला जांबोटी सोडा. साडेसात-आठपर्यंत कणकुंबीत माउली देवीच्या देवळाशी पोचाल. मलप्रभेचा उगम इथलाच. दगडी बांधणीच्या कुंडात पाणी साठलेलं दिसतं आणि त्याच्यातून पुढे जाणारी धार इतकी साधी की नदी म्हणून दाखवावी लागते. इथे चपला बाहेर काढा, कुंडात पाय बुडवू नका, साबण लावू नका, नाणी टाकू नका. हे तीर्थ म्हणून पुजलं जातं आणि लोक या पाण्याला हात लावून मगच देवीपुढे उभे राहतात.

कुंडाशी दहा मिनिटं शांत उभं राहून एक गोष्ट ध्यानात घ्या. हे पाणी पूर्वेला निघालंय. खानापूर, मुनवळ्ळी, सौंदत्ती करत ते पट्टदकल आणि ऐहोळेच्या देवळांच्या काठानं जातं आणि सुमारे तीनशे किलोमीटरवर कूडलसंगमला कृष्णेला मिळतं, म्हणजे शेवटी बंगालच्या उपसागराला. आणि याच गावाच्या शिवारात, हाकेच्या अंतरावर, कळसा नाल्याचं पाणी म्हादईकडे (गोव्यातली मांडवी ती हीच) उतरून अरबी समुद्राला जातं. पाणी दोन दिशांना वाटणारी ही धार तुमच्या पायाखाली आहे. कणकुंबीजवळ दिसणारा सिमेंटचा कालवा याच पाण्याच्या वाटणीवरून कर्नाटक आणि गोव्यात चाललेल्या वादातला. म्हादई जलतंट्याचा निवाडा लवादानं ऑगस्ट 2018 मध्ये दिला, पण वाद मिटलेला नाही. गावकऱ्यांशी या विषयावर हुज्जत घालू नका. ऐकून घ्यायची तयारी असेल तर विचारा, ते खूप काही सांगतील.

कणकुंबीहून पुढे चोर्ल्याच्या दिशेनं गेलात की उघडे जांभ्याचे सडे लागतात. नवखे इथे चुकतात. त्यांना वाटतं हा नुसता काळा-तांबडा खडक, त्यावर गाडी चढवून फोटो काढले तरी काय बिघडतंय. पावसाळ्याच्या शेवटी गुडघ्यांवर बसून या खडकाकडे हातभर अंतरावरून बघा. नखाएवढ्या मातीच्या थरात निळी-जांभळी सीतेची आसवं उभी असतात. या इवल्या वनस्पतीच्या मुळाजवळ बारीक फुगे असतात आणि ओल्या मातीतले सूक्ष्म जीव त्यांत अडकतात. शेजारी तांबूस केसाळ दवबिंदू असतो, तीही वनस्पतीच. त्याच्या केसांच्या टोकावरचा थेंब दवाचा नाही, चिकट असतो आणि त्याला डास चिकटतो. जांभ्यात नत्र नाही, म्हणून या झाडांनी पोट भरायची ही रीत काढली. एका गाडीचं चाक फिरलं की तो मातीचा थर खरवडला जातो आणि पुढच्या पावसात वाहून जातो. सड्यावर चालायचं असेल तर उघड्या खडकावरून चाला, हिरव्यावरून नको.

माथ्यावरून गोव्याच्या बाजूला खोल दरी उघडते. सुर्ला गावाच्या अंगाला असलेल्या ठिकाणांवरून पावसानंतर समोरच्या कड्यांवर धबधब्यांच्या रेघा दिसतात. धुकं असेल तर काहीही दिसणार नाही. मग अर्धा तास थांबा, वारा बदलला की पडदा बाजूला होतो. दुपारी बारा ते तीनमध्ये बऱ्याचदा मोकळं होतं. गाडी वळणावर उभी करू नका. या रस्त्यावर ट्रक आणि गोव्याच्या बसा भरधाव असतात आणि धुक्यात उभी गाडी दहा हातांवर आल्याशिवाय दिसत नाही. दिवे पिवळे, खाली झुकवलेले ठेवा. मोठा झोत लावलात तर धुक्यावर आपटून तुमच्याच डोळ्यांत येईल.

परतताना हब्बनहट्टीचा स्वयंभू मारुती बघा. जांबोटीच्या परिसरात, मलप्रभेच्या अगदी पात्राशी हे देऊळ आहे. पावसाळ्यात नदी चढली की ते पाण्याखाली जातं आणि पूर ओसरला की दर्शन पुन्हा सुरू होतं. सकाळी जी धार कुंडात पाहिलीत तीच इथे देऊळ बुडवते, हे समजायला दोन्ही एकाच दिवशी बघावीत. पाणी उतरल्यावरही पायऱ्या शेवाळलेल्या असतात, रबरी चप्पल घालून उतरू नका.

दुसरा दिवस: भीमगड, तोही कायद्यानं

भीमगड अभयारण्य डिसेंबर 2011 मध्ये जाहीर झालं. क्षेत्र सुमारे 190 चौरस किलोमीटर. म्हादईचे उगमझरे याच डोंगरात आहेत. नावातला किल्ला शिवकालाशी जोडलेला, भोवती उभे कडे. आणि बारापेडे गुहा. इथे एक वटवाघूळ राहतं, राटनचं मुक्तपुच्छ वटवाघूळ, ज्याचं शास्त्रीय वर्णन 1913 मध्ये झालं आणि पुढे अनेक दशकं ते जगात फक्त इथेच सापडतं असं मानलं जाई. त्यानंतर मेघालयात आणि कंबोडियात ते आढळलं, तरी या गुहेचं मोल कमी झालेलं नाही. गुहेत जायचा विचारही करू नका. माणसांच्या वावरानं आणि टॉर्चच्या झोतानं वटवाघळं बिथरतात, पिल्लं खाली पडतात, आणि खाली पडलेलं पिल्लू पुन्हा वर जात नाही.

करायचं काय ते सांगतो.

1. किमान आठ दिवस आधी खानापूरच्या वनखात्याच्या कार्यालयात चौकशी करा की सध्या कोणत्या वाटा खुल्या आहेत, वाटाड्या कोण देणार, शुल्क किती. हे दरवर्षी बदलतं, त्यामुळे कुणा मित्राच्या गेल्या वर्षीच्या अनुभवावर विसंबू नका.

2. परवानगी लेखी घ्या आणि प्रत्येकाचं ओळखपत्र बरोबर ठेवा. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 प्रमाणे विनापरवाना अभयारण्यात शिरणं हा गुन्हा आहे. "गावातल्या पोरानं नेलं" हे उत्तर चालत नाही, उलट त्या पोरावरच गुन्हा लागतो. पाचशे रुपयांसाठी त्याला अडचणीत आणू नका.

3. खानापूर-हेम्माडगा रस्त्यानं सकाळी लवकर निघा. हेम्माडगा हे अभयारण्याचं दार. गाडीच्या काचा खाली, गाणी बंद, वेग तीसच्या आत. गवे पहाटे आणि संध्याकाळी रस्त्याकडेला येतात. गवा दिसला तर गाडीतच बसा, इंजिन चालू ठेवा आणि हॉर्न वाजवू नका. शेकरू बघायचं असेल तर मान वर ठेवून मोठ्या झाडांच्या शेंड्यांवर फुटबॉलएवढी काटक्यांची घरटी शोधा. धनेश मात्र आधी ऐकू येतो, पंखांचा आवाज वाफेच्या इंजिनासारखा येतो.

4. दुपारी चारच्या आत जंगलाबाहेर या.

वज्रपोहा धबधब्याचं नाव ऐकून पुष्कळ लोक येतात. गवाळी आणि चापोली गावांच्या मधे म्हादईचं पाणी जवळपास दोनशे फूट खाली पडतं. ही जागा अभयारण्यात आहे, तेव्हा वरचेच नियम इथेही. परवानगी नसेल तर हट्ट सोडा. बुडण्याच्या घटना या भागातल्या धबधब्यांवर आणि डोहांवर जवळपास दर पावसाळ्यात होतात आणि त्यांची कारणं ठरलेली आहेत. पहिलं, डोक्यावर ऊन असताना वर घाटात पाऊस पडलेला असतो आणि पाच-दहा मिनिटांत पाणी कमरेपासून गळ्यापर्यंत चढतं. पाणी अचानक गढूळ झालं, काड्या-पानं वाहू लागली, की सामान सोडून काठ गाठायचा. दुसरं, पात्रातले रांजणखळगे. वरून गुडघाभर दिसणारं पाणी एका पावलात दोन पुरुष खोल होतं, आणि आत भोवरा असतो. तिसरं, शेवाळ. ओला जांभा पकड देतो, पण त्यावर शेवाळ धरलं की काचेसारखा निसरडा होतो. खानापूरजवळ असोग्याला मलप्रभेकाठी रामलिंगेश्वराचं देऊळ आहे, फार रम्य जागा. पण तिथेही नियम हाच: दर्शन घ्या, काठावर बसून डबा खा, डोहात उतरू नका.

जळवा, गोचीड आणि पिशवीत काय घ्यावं

जळवांना घाबरायचं कारण नाही. दोन मुठी मीठ जाड कापडात बांधून त्याची पुरचुंडी करा, ती ओली करून बुटांवर आणि पोटऱ्यांवर फिरवा. दर अर्ध्या तासाला पुन्हा. पँट मोज्यांत खोचा. जळू लागलीच तर ओढू नका, नखानं तिच्या तोंडाची बाजू सरकवा, ती सुटते. रक्त लगेच थांबत नाही कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो. स्वच्छ कापूस दहा मिनिटं दाबून धरा. काडी पेटवून किंवा मीठ थेट जखमेवर घालून ती काढू नका, पोटातलं सगळं जखमेत ओकते.

गोचीड मात्र गांभीर्यानं घ्या. शेजारच्या सत्तरी आणि दोडामार्ग तालुक्यांत माकडतापाचे रुग्ण सापडलेले आहेत आणि हा ताप गोचिडीनं पसरतो, बहुतेक डिसेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत. पाचोळ्यावर बसू नका, आधी चटई टाका. मुक्कामावर परतल्यावर कपडे गरम पाण्यात टाका, आणि काखा, कमरेचा पट्टा, गुडघ्यामागची जागा, कानांमागची जागा तपासा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, वनखात्याला कळवा. परतल्यानंतर दोन आठवड्यांत जोराचा ताप आणि अंगदुखी आली तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचं आवर्जून सांगा.

माणशी सामान: पाणी दोन लिटर, गूळ-शेंगदाणे पाव किलो, पायघोळ रेनकोट (छत्री घाटातल्या वाऱ्यात उलटते), जादा मोज्यांचे दोन जोड, टॉर्च, शिट्टी, आणि कचरा परत आणायला एक पिशवी.

तिसरा दिवस: हलशी, नंदगड, कित्तूर

हा दिवस आमच्या मते सगळ्यात मोलाचा आणि सगळ्यात कमी लोक करतात.

जांबोटीहून खानापूर, तिथून हलशी साधारण चौदा-पंधरा किलोमीटर. हे गाव म्हणजे जुनं पलाशिका, बनवासीच्या कदंबांची दुसरी राजधानी. इथे सापडलेल्या ताम्रपटांत कदंब राजा काकुस्थवर्म्यानं आपला जीव वाचवणाऱ्या श्रुतकीर्ती सेनापतीला जमीन दिल्याची नोंद आहे. पाचव्या शतकातल्या मृगेशवर्म्यानं याच पलाशिकेत जिनालय, म्हणजे जैन मंदिर, बांधल्याचंही ताम्रपटातून कळतं. आणि सहा-सातशे वर्षांनी गोव्याच्या कदंबांनी हेच गाव पुन्हा सजवलं. त्यांच्या काळातलं भूवराह-नरसिंह मंदिर गावातच उभं आहे.

देवळात शिरल्यावर लगेच एका बाजूला दर्शनाला वळू नका. मंडपाच्या मध्यावर उभे राहा. इथे गाभारे दोन आहेत आणि ते एकमेकांसमोर आहेत. एकीकडे बसलेला नारायण, दुसरीकडे भूदेवीला उचलून घेतलेला वराह. एका देवाला नमस्कार करताना दुसऱ्याकडे पाठ होते, म्हणून जुनी माणसं थोडं तिरकं उभं राहून हात जोडतात. तुम्हीही तसंच करा. वराहाची मूर्ती 1186-87 मध्ये कदंब राजा तिसऱ्या विजयादित्यानं बसवली. डोळे अंधाराला सरावायला दोन-तीन मिनिटं द्या. मग वराहाच्या वर उचललेल्या मुस्कटाकडे बघा आणि त्याला लगटून असलेल्या इवल्या भूदेवीकडे. केवढा तो देह आणि केवढ्या जपणुकीनं धरलेली पृथ्वी! टॉर्च मारायचा असेल तर पुजाऱ्यांना विचारून, आणि बाजूनं मारा. समोरून झोत टाकला की दगड सपाट दिसतो, बाजूनं टाकला की अलंकाराची रेघ न् रेघ उठते.

बाहेर येऊन देवळाला प्रदक्षिणा घाला आणि शिखर बघा. एकावर एक आडव्या थरांचं, पायऱ्यापायऱ्यांनी निमुळतं होत गेलेलं. याला कदंब शिखर म्हणतात, आणि एकदा डोळ्यांत बसलं की पुढे कुठेही ओळखता येतं. गावात सुवर्णेश्वर, कल्लेश्वर, गोकर्णेश्वर, कपिलेश्वर, हाटकेश्वर अशी आणखी देवळं आहेत. काही पडझडीला आलेली, काहींच्या अंगणात गुरं बांधलेली. गावातल्या एखाद्या शाळकरी पोराला बरोबर घ्या, तो सगळी दाखवतो. सगळं नीट बघायला तीन तास लागतात. सकाळी आठला पोचलात तर अकरापर्यंत होतं.

नंदगड वाटेवरच आहे. कित्तूरच्या राणी चन्नम्माचा सेनानी संगोळ्ळी रायण्णा याला ब्रिटिशांनी 26 जानेवारी 1831 रोजी इथेच फाशी दिलं. त्याची समाधी आणि वडाचं झाड बघायला लोक लांबून येतात, नवस बोलतात, मूल व्हावं म्हणून पाळण्याला हात लावतात. इथे आवाज खाली ठेवा.

पुढे बीडीमार्गे कित्तूर. किल्ल्यातल्या राजवाड्याचे अवशेष आणि आतलं संग्रहालय यांना दीड तास ठेवा, संग्रहालयाची साप्ताहिक सुट्टी आधी विचारून घ्या. 23 ऑक्टोबर 1824 ला राणी चन्नम्माच्या सैन्यानं ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेला इथे हरवलं आणि कलेक्टर थॅकरे मारला गेला. म्हणून 23 ऑक्टोबरच्या आसपास कित्तूर उत्सव असतो. उत्सवच बघायचा असेल तर त्या दिवसांत या, वाडा शांतपणे बघायचा असेल तर ते दिवस टाळा.

कित्तूरपासून पाच-सहा किलोमीटरवर देगाव, कन्नडमध्ये देगांवे. तिथलं कमलनारायण मंदिर राणी कमलादेवीनं 1174 मध्ये बांधून घेतलं. शिवचित्त पेर्माडी या गोव्याच्या कदंब राजाची ती राणी, आणि शिल्पी तिप्पोज. इथे मोबाईलच्या नकाशाचा मोठा फटका बसतो. नुसतं "देगाव" टाकलं तर तो तुम्हाला भीमगडच्या जंगलातल्या, म्हादईच्या उगमाच्या देगावला काढतो, म्हणजे नेमका उलट्या दिशेला आणि अभयारण्यात. "कमलनारायण मंदिर" असंच टाका आणि कित्तूरच्या बाजूचं आहे ना ते बघून घ्या.

या देवळाचे तीन गाभारे एका रांगेत आहेत. समोरच्या कक्षासनाच्या, म्हणजे मंडपाच्या कडेच्या दगडी बाकाच्या, बाहेरच्या अंगाला बघा. ओळीनं छोटी छोटी शिखरं कोरलेली आहेत, हातभर उंचीची. जणू कारागिरानं त्याला येत असलेले शिखरांचे प्रकार इथे मांडून ठेवले आहेत. सकाळी हलशीला पाहिलेलं पायऱ्यांचं शिखर यांत शोधा. मुलं बरोबर असतील तर त्यांना हे काम द्या, ती रमतात. उतरतं ऊन या भिंतीवर तिरकं पडतं तेव्हा कोरीवकाम सगळ्यात स्पष्ट दिसतं, म्हणून इथे दुपारी साडेतीन-चारला पोचायचं गणित ठेवा. दगडावर हळद-कुंकू किंवा तेल लावू नका, तेलावर धूळ बसून नक्षीचे कोपरे भरतात आणि ते साफ करताना झीज होते.

इथून राष्ट्रीय महामार्गानं बेळगाव तासाभराच्या वाटेवर.

जाता जाता बेळगावचा किल्ला

गाडी रात्रीची असेल तर संध्याकाळी तासभर किल्ल्यात जा. रट्ट राजांच्या राजवटीत 1204 मध्ये बांधलेली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, इथे आहे. मंडपात मधोमध उभे राहून वर बघा, छतातून दगडी कमळ खाली उमलत आलेलं दिसतं. त्याच आवारात 1519 ची साफा मशीद, विजापूरचा सरदार असदखान यानं बांधलेली. किल्ल्याच्या भागात लष्कराची ठाणी आहेत. पाटी बघूनच कॅमेरा काढा आणि ड्रोन तर आणूच नका.

खानापूरची मातीची भांडी घ्यायची असतील तर जांबोटीहून येतानाच घ्या, नंतर वाट वाकडी करावी लागते. नवं मडकं रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, मग मंद आचेवर तांदळाची पेज उकळा. पहिल्याच दिवशी मोठ्या आचेवर ठेवलं तर तडकतं. कुंदा (दुधाची मिठाई) बेळगावात घ्या, तो प्रवासात टिकतो. मांडे मात्र हातानंच न्या, पिशवीत दाबले की चुरा होतो.